एकच मासा, दोन रंगांचे पाणी

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या दक्षिण भागात ब्रायर क्रीक नावाचा एक ओढा आहे. उन्हाळ्यात धार आटली की आपल्याकडच्या ओढ्यांसारखाच तोही डोहाडोहांत तुटतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेरी पॉवर आणि विल्यम मॅथ्यूज हे शास्त्रज्ञ या डोहांत उतरून एकेकाची पाहणी करत होते. काही डोहांचा तळ घासून काढल्यासारखा उघडा होता, दगड न् दगड दिसत होता. त्याला लागूनच असलेल्या दुसऱ्या डोहात मात्र शेवाळाच्या लांब हिरव्या जटा डुलत होत्या. पाणी तेच, ऊन तेच, दगडही त्याच जातीचे. फरक होता तो फक्त डोहात कोण राहते याचा.

उघड्या डोहांत कॅम्पोस्टोमा नावाच्या बोटभर माशांचे थवे होते. या माशाच्या खालच्या जबड्याला कडक कंगोरा असतो आणि त्याने तो दगडावरचे शेवाळ दिवसभर खरवडत असतो. हिरव्या डोहांत मात्र कॅम्पोस्टोमा जवळजवळ नव्हताच. तिथे बास होता. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला हा मध्यम चणीचा शिकारी.

नुसते पाहून निष्कर्ष काढला असता, तर कोणीही म्हणाले असते की डोहांच्या खोलीत काही फरक असेल, झऱ्याच्या पाण्यात असेल. म्हणून पॉवर, मॅथ्यूज आणि आर्थर स्टुअर्ट यांनी एका हिरव्या डोहातले बास काढले, डोहाच्या मधोमध जाळीची भिंत घातली आणि एका बाजूला कॅम्पोस्टोमा सोडले. काही आठवड्यांत त्या बाजूचे शेवाळ चरून संपले आणि दुसरी बाजू हिरवीच राहिली. मग उलटा प्रयोग. कॅम्पोस्टोमाच्या एका डोहात तीन बास सोडले. फक्त तीन. बासांनी काही मासे खाल्ले हे खरेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे उरलेल्यांनी खोल पाणी सोडले आणि ते काठाच्या उथळ पाण्यात दाटीवाटीने राहू लागले. खोल भागातल्या दगडांवर थोड्याच दिवसांत शेवाळ वाढू लागले. १९८५ साली हे काम ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आले. डोहाचा रंग बदलायला सगळे कॅम्पोस्टोमा मरावे लागले नाहीत. त्यांनी घाबरणे पुरेसे होते.

त्याच सुमारास तिथून बऱ्याच अंतरावर, विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या सीमेवरच्या जंगलात, बासवरच दुसरा एक प्रयोग चालू झाला होता. त्याचे उत्तर बरोबर उलटे आले. तिथे बास आला की पाणी निवळत होते आणि बास गेला की ते हिरवे होत होते. एकाच जातीचा मासा एकीकडे शेवाळ वाढवतो आणि दुसरीकडे ते कमी करतो. माझ्या मते गोड्या पाण्याच्या गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या अभ्यासातले सर्वांत सुंदर कोडे हेच आहे. पण ते सोडवण्याआधी या माशाकडे जरा नीट पाहायला हवे.

‘लार्जमाउथ बास’ हे त्याचे नाव अगदी सरळ आहे. मासा मोठ्या तोंडाचा आहे. वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, आणि त्यावरूनच तो ‘स्मॉलमाउथ’ या भावंडापासून ओळखू येतो. पाठीवर हिरवट झाक, बगलेतून शेपटीपर्यंत गेलेला काळसर पट्टा. उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात, मोठ्या सरोवरांपासून फ्लोरिडा आणि उत्तर मेक्सिकोपर्यंत, हा मूळचा. सर्वसाधारण पुरता वाढलेला बास किलो-दोन किलोचा भरतो. जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरी नावाच्या शेतकरी तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या थोडा वर, बास धरला आणि तो जागतिक विक्रम ७७ वर्षे टिकला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याहून औंसभर जड बास काढला. पण विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली. गळ टाकणाऱ्यांच्या जगात औंसाला असा मान आहे! हा मासा जपानमध्ये १९२५ साली बाहेरून आणून सोडलेला आहे आणि आज तिथे तो उपद्रवी परदेशी प्रजातींच्या यादीत आहे, हे जाता जाता.

विक्रमी बास अपवाद. आपल्या कामाचा आहे तो किलोभराचा. तो पाठलाग फारसा करत नाही. पाणवनस्पतींच्या आडोशाला किंवा बुडालेल्या ओंडक्याजवळ थांबतो, भक्ष्य टप्प्यात आले की क्षणार्धात तोंड उघडतो, आणि त्या पोकळीत शिरणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्यही आत ओढले जाते. चावणे, फाडणे हा त्याचा प्रकार नाही. जे तोंडात मावते ते गिळायचे, मावत नाही ते सोडायचे. त्यामुळे त्याच्या जबड्याचा घेर हाच तळ्याचा कायदा ठरतो. त्या मापाखालचे सगळे जीव सदा भीतीत, त्यावरचे निर्धास्त. बासचे स्वतःचे पिल्लूही या कायद्यातून सुटत नाही. नर शेपटीने तळ झाडून घरटे करतो, अंडी राखतो, पिल्लांच्या घोळक्याभोवती पहारा देतो. पहारा संपला की मात्र तीच पिल्ले भक्ष्य होऊ शकतात. बास बासला सर्रास खातो. ही गोष्ट पुढे एका प्रयोगाचा नकाशाच बदलणार आहे.

अन्नसाखळीच्या शेंड्यावरचा प्राणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाघ येतो, पाण्यात शार्क. पण दोन-तीन हेक्टरच्या तळ्यात शार्कचे पोट भरणार नाही. रेमंड लिंडेमन या अमेरिकन तरुणाने मिनेसोटातल्या एका दलदलीच्या तळ्यात ऊर्जेचा हिशेब मांडला आणि तो १९४२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, वर पोचतो तो लहानसा वाटा, हे त्याने दाखवले. पुढे पाठ्यपुस्तकांतून याचा ‘दहा टक्के’ असा ठोकळ नियम झाला. तळ्यातल्या एकूण सजीव वजनात शिकारी माशांचा वाटा त्यामुळे क्षुल्लकच असतो. म्हणूनच शास्त्रज्ञ बरीच वर्षे खालून वर पाहत आले. पाण्यात फॉस्फरस किती, त्यावर शेवाळ किती, त्यावर मासे किती. वरून खाली काही येत असेल, असे फारसे कोणाच्या मनात नव्हते.

ही नजर बदलण्याचे बरेचसे श्रेय एका उपेक्षित जीवाला जाते. त्याचे नाव डॅफ्निया. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, झिंग्याच्या दूरच्या नात्यातला, पाण्यात उड्या मारल्यासारखा पोहणारा हा कवचधारी. प्राणिप्लवक म्हणतात ते असले जीव. डॅफ्निया पाणी गाळून त्यातले सूक्ष्म हिरवे कण, म्हणजे वनस्पतिप्लवक, खातो. आकाराने मोठ्या डॅफ्नियाचे घोळके तळ्यात असले तर ते तळे अक्षरशः गाळून काढतात. आणि मोठा असल्यामुळेच तो लहान माशांना आधी दिसतो.

जॉन ब्रूक्स आणि स्टॅन्ली डॉडसन या येलमधल्या दोघांनी कनेक्टिकटमधल्या क्रिस्टल लेकचे १९४२ आणि १९६४ सालचे नमुने शेजारी ठेवून पाहिले. मधल्या काळात तिथे हेरिंगच्या कुळातला, प्लवक टिपून खाणारा मासा आला होता. १९४२ साली मोठे डॅफ्निया होते. १९६४ साली ते गायब होते आणि त्यांच्या जागी निम्म्याहूनही लहान आकाराचे बोस्मिनासारखे जीव उरले होते. तिकडे चेकोस्लोव्हाकियात यारोस्लाव ह्रबाचेक यांनाही एल्बे नदीकाठच्या डबक्यांत असेच काही दिसले होते. मासे जास्त तिथे प्लवक बारीक, आणि पाणी जास्त हिरवे.

मराठी वाचकाच्या ओळखीचा एक प्रयोगही याच रांगेत बसतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडा, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. आरोग्य खाते, नगरपालिका, ग्रामपंचायत, सगळ्यांच्या फलकांवर गप्पी असतो. त्याच कामासाठी गप्पीचा भाऊबंद गॅम्बुसिया १९२८ साली भारतात आणला गेला. १९७२ साली स्टुअर्ट हर्लबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात मुद्दाम तयार केलेल्या छोट्या तळ्यांपैकी काहींत गॅम्बुसिया सोडला आणि काही बिनमाशाची ठेवली. गॅम्बुसिया असलेल्या तळ्यांत प्राणिप्लवक जवळजवळ संपले आणि पाणी हिरवे गढूळ झाले. मासा डासांच्या अळ्या खातो हे खरे, पण तो डॅफ्नियाही खातो आणि अळ्या संपल्यावरही खात राहतो. सिमेंटच्या हौदात किंवा गटाराच्या खड्ड्यात गप्पी सोडायला माझी हरकत नाही. जिवंत तळ्यात सोडताना मात्र फलक लावणाऱ्यांनी दोनदा विचार करावा.

आता त्या विस्कॉन्सिन-मिशिगन सीमेवरच्या जंगलाकडे. तिथे नोत्र दाम विद्यापीठाच्या मालकीची जमीन आहे आणि तिच्यात लहान लहान तळी. त्यांतली दोन एकेकाळी अरुंद गळ्याने जोडलेली होती, त्यामुळे एकच तळे म्हणा हवे तर. १९५१ साली आर्थर हॅस्लर यांनी त्या गळ्यावर मातीचा बांध घातला आणि दोन भागांना पीटर आणि पॉल असे म्हटले जाऊ लागले. सामन मासा वासाच्या आठवणीने जन्माच्या ओढ्याकडे परततो, हे दाखवणारे हॅस्लर ते हेच. जंगलातल्या सडक्या पानांमुळे तळ्याचे पाणी चहासारखे तपकिरी होते. चुना टाकला तर ते निवळेल आणि ट्राउट पाळता येतील का, हे त्यांना पाहायचे होते. म्हणून पीटरमध्ये चुना टाकला आणि पॉल तसेच ठेवले. तुलनेसाठी एक तळे हात न लावता बाजूला ठेवायचे, ही कल्पना आज साधी वाटते. पण प्रयोगशाळेच्या चंचुपात्रातून उठून अख्ख्या तळ्यावर प्रयोग करायची हिंमत तेव्हा फार थोड्यांत होती.

तीस-पस्तीस वर्षांनी हेच बांधाने तोडलेले तळे स्टीफन कार्पेंटर आणि जेम्स किचेल यांच्या कामी आले. १९८५ साली त्यांनी जेम्स हॉजसन यांच्यासह ‘बायोसायन्स’मध्ये एक लेख लिहिला. सारख्याच पोषणाच्या दोन तळ्यांत शेवाळाचे प्रमाण इतके वेगळे का असते, याचा उलगडा शेंड्यावरच्या माशांपासून खाली उतरत केला पाहिजे, असा त्यांचा दावा होता. दावा लिहून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी पीटरमधले बासचे सुमारे ९० टक्के वजन उचलले आणि जवळच्या ट्यूजडे नावाच्या तळ्यात नेऊन सोडले. ट्यूजडेत तोवर बास नव्हता, होते फक्त मिनो जातीचे लहान मासे. त्यांतले सुमारे ९० टक्के धरून पीटरमध्ये आणले. पॉल पुन्हा एकदा साक्षीदार.

ट्यूजडेत जे अपेक्षित होते तेच घडले. बासांनी उरलेसुरले मिनो खाऊन टाकले, प्लवक टिपणारे कोणी उरले नाही, बारीक प्लवकांच्या जागी मोठे डॅफ्निया आले आणि शेवाळ घटले.

पीटरमध्ये मात्र शास्त्रज्ञांचा आडाखा आधी फसला. आता बास गेले, मिनो आले, म्हणजे डॅफ्निया संपणार आणि पाणी हिरवे होणार, असे सरळ गणित होते. पण जे थोडे बास मागे राहिले होते त्यांना आयती मेजवानी मिळाली. नव्याने आलेले मिनो काठाच्या उथळ पाण्यात घुसले, आणि मधल्या खोल पाण्यातल्या डॅफ्नियाला कोणी हात लावेना. दुसरीकडे, बासची पिल्ले खाणारे मोठे बास गेल्यामुळे त्या हंगामात पिल्लांचा महापूर आला. नखाएवढे बास प्लवकच खातात. शेवटी डॅफ्नियाला घटवले ते या पिल्लांनी. म्हणजे शेंड्यावरचा मासा काढला, तेव्हा त्याचीच पिल्ले मधल्या पायरीवर उतरून त्याच्याविरुद्ध काम करू लागली. मला हा प्रयोग आवडतो तो यासाठी. बास ही एक जात असली तरी तळ्याच्या हिशेबात तो वयाप्रमाणे दोन वेगवेगळे प्राणी आहे.

किचेल यांनी पुढे कार्ल वॉल्टर्स यांच्याबरोबर २००१ साली याच धाग्यावरून एक मोठी कल्पना मांडली. मोठे शिकारी मासे त्यांच्या पिल्लांचे शत्रू आणि प्रतिस्पर्धी असलेल्या लहान माशांना खाऊन आपल्याच पिल्लांसाठी जागा मोकळी करत असतात. मासेमारीने मोठे मासे एका मर्यादेपलीकडे कमी झाले की लहान मासे बोकाळतात आणि तेच शिकाऱ्याची अंडी-पिल्ले फस्त करतात. मग मासेमारी थांबवली तरी शिकारी परत येत नाही. एकदा गादी गेली की वारसालाही ती मिळू नये, असा हा प्रकार.

आता कोडे. ओढ्यात बासने शेवाळ वाढवले, तळ्यात कमी केले, असे का? उत्तर साखळीच्या कड्या मोजण्यात आहे. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे आपण म्हणतोच. ओढ्यात कड्या तीन. शेवाळ, ते खरवडणारा कॅम्पोस्टोमा, त्याला खाणारा बास. बास हा शेवाळाच्या शत्रूचा शत्रू, म्हणून मित्र. तळ्यात मधे आणखी एक कडी आहे. सूक्ष्म शेवाळ, ते खाणारा डॅफ्निया, डॅफ्नियाला खाणारा मिनो, मिनोला खाणारा बास. आता बास शेवाळाच्या मित्राचा शत्रू ठरतो. कड्यांची संख्या विषम असेल तर हिरवे फोफावते, सम असेल तर मार खाते. १९६० साली हेअरस्टन, स्मिथ आणि स्लोबोडकिन या मिशिगन विद्यापीठातल्या तिघांनी, पृथ्वीवर इतके शाकाहारी प्राणी असून ती हिरवी कशी राहते, असा प्रश्न एका पाच पानी लेखात विचारला होता. शाकाहाऱ्यांना शिकारी आवरून धरतात, हे त्यांचे उत्तर. पुढे स्टीफन फ्रेटवेल यांनी १९७७ साली त्याला सम-विषमाची जोड दिली.

मेरी पॉवर यांनी मग नियमाची परीक्षा घेतली. कॅलिफोर्नियातल्या ईल नदीत त्यांनी जाळीचे पिंजरे लावले, काहींत मासे, काही रिकामे. इथे स्टीलहेड ट्राउट आणि रोच हे मासे टाचणी किड्यांच्या अळ्यांसारखे लहान शिकारी खात होते, ते शिकारी शेवाळात राहणाऱ्या बारीक माशीच्या अळ्या खात होते, आणि त्या अळ्या शेवाळ. ओढा म्हटला तरी कड्या चार. त्यामुळे मासे असलेल्या पिंजऱ्यांत शेवाळ कोलमडून दगडाला चिकटलेली जाळी झाली आणि बिनमाशाच्या पिंजऱ्यांत ते उभे वाढले. १९९० साली ‘सायन्स’ने हे छापले. ओक्लाहोमात माशाने हिरवे केले आणि कॅलिफोर्नियात माशानेच ओरबाडले, दोन्ही एकाच नियमात बसले.

निसर्ग मात्र नियमाला बांधील नाही. ईल नदीवर पुढे केलेल्या कामात दिसले की हिवाळ्यात मोठे पूर आले तरच ही साखळी नीट चालते. पूर न आलेल्या वर्षी, किंवा धरणाने पूर अडवलेल्या नद्यांत, खड्यांचे कवच पाठीवर वागवणारी एक मोठी कॅडिस अळी टिकून राहते आणि वाढते. ती शेवाळ चरते आणि माशांना तिचे कवच फोडता येत नाही. वर मासे कितीही असोत, खाली पोचेपर्यंत त्यांची सत्ता संपलेली असते. पूर हा आपण नुकसानीच्या खात्यात टाकतो. इथे तो साखळीचा दुवा निघाला.

या सगळ्याचा उपयोग काय, हा प्रश्न अमेरिकेत तरी लवकर विचारला गेला. मिनेसोटात जोसेफ शापिरो यांनी १९७५च्या सुमारास माशांच्या फेरफाराने तळी निवळवण्याची कल्पना मांडली होती. तिची मोठी चाचणी झाली विस्कॉन्सिनच्या राजधानीतल्या मेंडोटा सरोवरात. शेतांतून येणाऱ्या फॉस्फरसमुळे मेंडोटा उन्हाळ्यात हिरवे व्हायचे. १९८७ पासून तिथे वॉलआय आणि नॉर्दर्न पाइक या दोन शिकारी माशांची पिल्ले मोठ्या प्रमाणावर सोडली. योगायोग असा की त्याच उन्हाळ्यात उष्णतेने सिस्को नावाचे प्लवकभक्षी मासे मोठ्या संख्येने मेले. पुढच्या वर्षी मोठे डॅफ्निया आले आणि पाणी निवळले. श्रेय शिकाऱ्यांचे की उष्णतेचे, यावर वाद घालायला जागा आहे. निकाल मात्र साखळीच्या बाजूचाच आहे, कारण प्लवकभक्षी गेले आणि पाणी स्वच्छ झाले. आणखी एक गोष्ट झाली. मोठे मासे आल्याची बातमी पसरताच गळ घेऊन आलेल्यांची गर्दी उसळली आणि पकडण्याचे नियम कडक करावे लागले. तळ्याच्या साखळीत माणूस ही कडी कागदावर क्वचितच काढलेली असते.

२००९ साली मेंडोटात काटेरी शेपटीचा एक परदेशी प्लवकजीव सापडला. युरोप-आशियातला हा जीव शेपटीसकट सेंटिमीटरभर लांब आणि डॅफ्नियाचा शिकारी. साखळीत न मागता एक कडी घुसली आणि पाण्याची पारदर्शकता जवळजवळ मीटरभर कमी झाली. हीच पारदर्शकता फॉस्फरस कमी करून परत मिळवायची तर येणारा फॉस्फरस ७१ टक्के घटवावा लागेल आणि त्याला ८.६५ कोटी ते १६.३ कोटी डॉलर लागतील, असा हिशेब २०१६ साली जेक वॉल्श, कार्पेंटर आणि जेक व्हँडर झँडन यांनी मांडला. डॅफ्निया तेच काम फुकट करत होता.

पीटर आणि त्याच्या शेजारच्या तळ्यांनी आणखीही काही दाखवले. १९९७ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात या तळ्यांत खत घातले होते. मिनोंचे राज्य असलेल्या तळ्यात शेवाळ वाढून ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊ लागले. बासचे राज्य असलेले तळे खत मिळूनही तो हवेत सोडत राहिले. तळे कार्बन शोषते की ओकते, हे शेंड्यावरच्या माशाने ठरवले. मग २००८ पासून कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी पीटरमध्ये बास एकदम न सोडता हळूहळू वाढवले आणि पाण्यातल्या हिरव्या द्रव्याची सतत मोजणी ठेवली. तळ्याने प्रत्यक्षात कूस बदलली त्याच्या वर्षभराहून आधीच मोजणीतले चढउतार वाढू लागले होते. पडण्याआधी तळे डळमळते आणि ते डळमळणे मोजता येते, असे २०११ साली त्यांनी लिहिले.

शिकारी मासा म्हणजे तळ्याचे औषध, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. पनामा कालव्यासाठी बांधलेल्या गाटून सरोवरात १९६७च्या सुमारास अमेझॉन खोऱ्यातला पीकॉक बास शिरला. खायला चविष्ट, गळाला झुंज देणारा, सगळे खूश. टॉम झॅरेट आणि रॉबर्ट पेन यांनी १९७३ साली काय झाले ते मांडले. पीकॉक बास पोचलेल्या भागांतून स्थानिक लहान मासे जवळजवळ पुसले गेले, त्यांच्यावर जगणारे पक्षी आणि टार्पनसारखे मोठे मासेही विरळ झाले. डासांच्या अळ्या खाणारे मासे गेल्याने हिवतापावरही परिणाम होईल का, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली होती. पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा झालेल्या पाहणीत तिथले स्थानिक मासे परतलेले नव्हते. बास आपल्या मूळ मुलुखात हजारो वर्षे राहिलेला होता आणि त्याचे भक्ष्य लपायला शिकलेले होते. पीकॉक बासचे भक्ष्य ते शिकलेले नव्हते.

आपल्याकडच्या गोड्या पाण्यात या पायरीवर कोण? मरळ, वाम, शिवडा. मरळीची नर-मादी जोडी पाणवनस्पतींत जागा करून अंडी राखते आणि पिल्लांच्या तांबूस घोळक्याखाली पहाऱ्यावर फिरते. त्या वेळी घोळक्याजवळ हात घालणाऱ्याला ती सोडत नाही. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून बाजारात टोपल्यात जिवंत विकली जाते आणि भावही चांगला मिळवते. तेलंगणात ती राज्य मासा आहे. मृग नक्षत्र लागले की हैदराबादेत दम्यावर म्हणून मरळीची जिवंत बोटुकली औषधासकट गिळायला देशभरातून लोक जातात, त्यांत मराठी लोकही असतात. त्या औषधाचे मी काही बोलत नाही.

मत्स्यशेतीच्या पुस्तकात मात्र मरळ आणि शिवडा ‘उपद्रवी’ या मथळ्याखाली सापडतात. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्याआधी तळ्यात मोहाची पेंड टाकायची, हेक्टरी दोन ते अडीच टन. पेंडीतल्या सॅपोनिनने शिकारी मासे मरतात आणि पुढे तीच पेंड खत होते. बोटुकली वाढवायच्या लहान तळ्यासाठी हे बरोबरच आहे. वाघ ठेवून कोणी शेळ्या पाळत नाही. आणि मत्स्यशेतकऱ्याला हिरवे पाणीच हवे असते. शेण टाकून तो ते मुद्दाम हिरवे करतो, कारण हिरव्यावर प्राणिप्लवक वाढतात आणि कटला प्रामुख्याने तेच खातो. मला खटकते ते हे की हीच नजर पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांकडेही वळते. तिथेही मत्स्यबीज सोडायचे म्हणजे प्लवकभक्षी वाढवायचे, आणि शिकारी मासा म्हणजे खाऊन टाकायचा किंवा हिशेबात न धरायचा. एकाच पाण्याकडून आपण मासेही मागतो आणि स्वच्छताही, आणि दोन्हींसाठी साखळीच्या वेगवेगळ्या कड्या जड व्हायला लागतात.

अमेरिकेचे उत्तर जसेच्या तसे इथे चालणार नाही, हेही खरे. उष्ण पाण्यात लहान मासे वर्षभर विणतात, मोठे डॅफ्निया फारसे टिकत नाहीत, आणि चिलापीसारखा मासा प्लवकही खातो, शेवाळही खातो, गाळही चिवडतो. त्याला कोणत्या कडीत बसवायचे? उजनीच्या जलाशयात चिलापीने बस्तान बसवले आहे आणि वरून पुणे-पिंपरीचे सांडपाणी भीमेतून येतच असते. अशा पाण्यात मरळ सोडून ते निवळेल म्हणणे हा भाबडेपणा होईल. आपल्याकडचा डॅफ्निया लुमहोल्ट्झी तर माशांचा वास पाण्यात लागला की डोक्यावर आणि शेपटीला लांब काटे वाढवतो आणि लहान माशांच्या घशात अडकतो. उष्ण पाण्यातल्या साखळीची कुलुपे वेगळी आहेत.

तरी एक काम पूर्व विदर्भात झाले आहे, ते वेगळ्या टोकाने. भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या लोकांनी, त्यात बायका पुढे, काही तलावांत बोकाळलेली बेशरम ही वनस्पती उपटली आणि त्यांच्या माहितीतल्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, कोणता लपतो, हे त्यांना ठाऊक होते. देशी मासे परत मिळू लागल्याचे ते सांगतात. मरळीला घरट्यासाठी पाणवनस्पती लागतात, दबा धरायलाही त्याच लागतात. बीज सोडणाऱ्यांनी सुरुवात नेहमी माशापासून केली. ढीवर बायकांनी ती चिखलात रोप खोचून केली.